भरून आलेली बाजू

बाय अडीच वर्षांची असताना तिच्या डाव्या डोळ्यात मांजर दिसायला लागलं. हे शब्द आमच्या आत्याचे. दिवेलागणीला बाय कंदिलासमोर आली की तो डोळा आतून पांढरट चमकायचा. आत्याला त्याची भारी मौज. "ये गो माझ्या मांजरी," म्हणत ती बायला कंदिलापुढे इकडून तिकडे फिरवायची आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. बाय माझी धाकटी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी लहान. टाळ्या ऐकून ती खिदळत आणखी पुढे यायची.

मग डोळा लाल झाला आणि पुढे येऊ लागला, तेव्हा मौज संपली. डहाणूच्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, घरीसुद्धा जाऊ नका, इथूनच गाडी पकडून मुंबई गाठा. तिथल्या मोठ्या इस्पितळात डोळा काढला. आत गाठ होती, कॅन्सरची. पन्नास सालच्या आसपासची ही गोष्ट. वरोरला आमच्या वाडीवर तोवर कोणी हा शब्द ऐकलासुद्धा नव्हता. आजी तर शेवटपर्यंत त्याला 'डोळ्यातलं किडकं' म्हणायची.

गाठीचं मूळ राहू नये म्हणून रिकाम्या खोबणीला आणि कानशिलाला विजेचा शेक दिला. आम्हाला शेक म्हणजे गरम विटेचा, नाहीतर मिठाच्या पुरचुंडीचा. हा शेक दिसत नव्हता आणि लागतही नव्हता, असं आई सांगायची. बायला फळीवर बांधायचे. मग डॉक्टर, नर्स, आई, सगळे खोलीबाहेर यायचे आणि जाडजूड दार बंद व्हायचं. आत यंत्र घुमत राहायचं आणि ती एवढीशी पोर एकटी 'आई गो, आई गो' करायची. आई म्हणायची, "शेक चांगला असेल तर सगळे बाहेर का पळतात, हे मला तेव्हाच विचारायचं होतं." पण विचारायचं कोणाला? आमची माणसं डॉक्टरसमोर चप्पल काढून उभी राहणारी.

बाय जगली. डॉक्टरांना वाटलं नव्हतं, पण जगली. डहाणूच्या महालक्ष्मीला बोललेला नवस होता, तो चैत्रातल्या यात्रेत फेडला, चांदीचे डोळे वाहिले. सगळं गणगोत बायला बघायला आलं आणि जो तो एकच म्हण घोकत होता, देव तारी त्याला कोण मारी. मी तेव्हा दहा वर्षांची होते. मलाही ते खरंच वाटलं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत घोटाळा ध्यानात आला. बायची उजवी बाजू वाढत होती, डावी वाढत नव्हती. डावं कानशील आत गेलेलं, गाल चपटा, जबडा आखूड. त्या बाजूला भुवई नाही, कानावरचे केस नाहीत. दुधाचे दात पडले ते पडले, वरच्या जबड्यात डावीकडे नवे आलेच नाहीत. उंचीही पुढे माझ्या खांद्यापाशी थांबली. अर्धं तोंड मोठं होत गेलं आणि अर्धं अडीच वर्षांचंच राहिलं. काचेचा डोळा आणला होता, पण खोबणच वाढेना, तर डोळा राहायचा कुठे? मागे कापूस लावून बसवायचा. शिंक आली की तो बाहेर. शाळेत पोरं चिडवायची तेव्हा बाय डोळ्यापाशी हात नेऊन म्हणायची, "थांब, काढून तुझ्या पाटीवर ठेवते." पोरं धूम ठोकायची. माझी बहीण रडकी नव्हती हो. रडायला आम्ही बाकीचे होतोच.

बाबा दरवर्षी तिला मुंबईला दाखवून आणायचे. मग जुने डॉक्टर गेले. नव्यांनी दोन वर्षं तपासलं आणि सांगितलं, "गाठ परत आलेली नाही. मुलगी बरी झाली. आता नाही आलात तरी चालेल." आईने चेहऱ्याचं विचारलं. "त्याला इलाज नाही," म्हणाले, "जीव वाचला हे काय थोडं आहे?" तिथून आमच्या घरात हे 'बरी झाली' शिरलं. पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी आई सांगायची, बाय बरी झाली हो, डॉक्टरच म्हणाले. मला त्या शब्दांचा राग यायचा. डोळा नाही, दात नाहीत, तोंड वाकडं, आणि म्हणे बरी झाली. कप्पाळ!

पण त्या 'इलाज नाही'पाशी आई थांबणारी नव्हती. तिने महालक्ष्मीला दुसरा नवस बोलला. बायची डावी बाजू भरून येऊ दे, तुला चांदीचा मुखवटा वाहीन. आणि रोज सकाळी ती बायला पुढ्यात घेऊन बसू लागली. कोमट खोबरेल तेल घ्यायचं आणि डाव्या कानशिलाच्या खळग्यात अंगठा फिरवायचा. तो खळगा असा होता की आईचा अंगठा त्यात आडवा मावायचा. मळे करून करून माझ्या आईचे हात राकट झालेले. मिरचीची रोपं लावणारा तो अंगठा तिथे मात्र हलकेच फिरायचा. पावसाळा असो, लग्नघर असो, घरात मयत असो, ते तेल चुकलं नाही.

आईला घाई होती ती लग्नाची. माझं लग्न झालं. मी आणि माझे यजमान दोघं तलासरीच्या शाळेत शिक्षक म्हणून राहिलो. आता घरात बाय एकटीच उरली आणि आईचा जीव तिच्या तोंडाच्या त्या एका बाजूत अडकला. आमच्याकडे बघायला येत ती वाडीवालीच माणसं, कोणी चिंचणीचे, कोणी सरावलीचे. आई बायला अशी बसवायची की डावी बाजू भिंतीकडे. पाहुण्यांना उजवीकडून दिसायची आणि उजवीकडून माझी बहीण फार देखणी होती, मी सांगते म्हणून नव्हे. मग चहा द्यायला ती वळायची आणि सगळे एकाएकी वाडीतल्या चिकूंची चौकशी करू लागायचे. पाहुणे गेल्यावर बाय म्हणायची, "आई, तू माझं भिंतीशीच लग्न लाव. तिला माझी डावी बाजू पाठ आहे." आई तोंडावर पदर घेऊन हसायची. त्या पदराआड काय चाललेलं असायचं, ते आम्हा दोघींना कळायचं.

एका सुट्टीत मी बायला तलासरीला माझ्याकडे आणलं. माझ्या वर्गातली बरीचशी पोरं डोंगराकडच्या पाड्यांवरची. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी घेरलं आणि सरळ विचारलं, "डोळा कुठं गेला?" "मुंबईला ठेवला," बाय म्हणाली. पोरांना ते पटलं. एकीने फक्त विचारलं, आणायला कधी जाणार? मग त्यांनी तिला कैऱ्या पाडायला नेलं. ती तिथे महिनाभर राहिली आणि सारा वेळ खुशीत होती. जायच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली, "ताई, लग्नाचं मला एवढं नाही गो. पण मोठ्या माणसांपैकी एकाने तरी मला समोरून बघावं. बाबासुद्धा माझ्याशी बोलताना खांबाकडे बघतात." तांदूळ निवडायचे राहिले आणि मी तिला जवळ घेतलं.

त्यानंतरच्या संक्रांतीला मी वरोरला गेले. दारात पाऊल टाकते तो आईने हाताला धरून मला आत ओढलं. तिचा हात तेलाने माखलेला. बाय पाटावर बसली होती. "ठेव," आई म्हणाली, "तुझा अंगठा ठेव इथे." मी ठेवला. खळगा नव्हता. जिथे अंगठा बुडायचा तिथे आता गुळगुळीत, टणक लागत होतं. मी बायला समोर धरून बघितलं. अगं बाई! कानशील भरलेलं, गालाचा वरचा भाग वर आलेला. डाव्या बाजूने उजवीला गाठलं होतं. मी ओरडलेच. आम्ही तिघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो आणि तेल सगळ्यांच्या केसांना लागलं. बाबा बाहेरून धावत आले. त्यांनी बायकडे समोरून पाहिलं आणि तिथेच रडू लागले. त्यांना तसं रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

इतक्या वर्षांचं तेल आणि इतक्या वर्षांची देवी. आम्हाला दुसरं काय सुचणार होतं?

आमच्या घराची एक रीत होती. देवीने दिलेलं दिसलं की आधी नवस फेडायचा. तो फिटेपर्यंत त्या जागेला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, औषध लावायचं नाही, डॉक्टर-वैद्याला दाखवायचं नाही. दाखवलं म्हणजे देवीवर संशय घेतला, आणि संशय घेतला की दिलेलं ती परत नेते. आणि दाखवायचं तरी कशाला? दुखणं आलं तर माणूस डॉक्टरकडे जातो. इथे तर दुखणं जात होतं. नवस यात्रेतच फेडायचा बोललेला, म्हणजे चैत्री पुनवेपर्यंत थांबणं आलं. आईने सोनाराकडे मुखवटा करायला टाकला.

बाबांना धीर नव्हता. त्यांनी बायला आणि मला घेऊन डहाणू गाठलं, स्टेशनाजवळच्या गुजराती फोटोवाल्याकडे. तोवर बायचा एकही फोटो समोरून काढलेला नव्हता. घरच्या फोटोंत ती नेहमी कडेला, मान वळवून उभी. फोटोवाल्याने तिला तळं रंगवलेल्या पडद्यापुढे बसवलं आणि बाय सवयीने भिंतीकडे वळली. "बेन, सामे जुओ," तो म्हणाला, समोर बघा. ती बघेना. त्याने पुन्हा सांगितलं. मग तिने मान सरळ केली. काचेचा डोळा त्या दिवशी शहाण्यासारखा जागेवर बसला होता. डावी भुवई फोटोवाल्याने नंतर पेन्सिलीने काढून दिली. फोटो हातात आला तेव्हा बाय किती तरी वेळ तो बघत राहिली आणि म्हणाली, "ही मी होते होय?"

तो फोटो सरावलीला एका घरी गेला. मुलगा शिकलेला, घरची चिकूची वाडी. आठ दिवसांत निरोप आला, मुलगी पसंत आहे, यात्रा झाली की बघायला येतो. आई गावभर सांगत सुटली. आणि माझी भिंतीशी लग्न लावून घ्यायला निघालेली बहीण आरशासमोरून हलेना. तिचं चुकलं काय? सतराव्या वर्षी मुली आरशासमोर उभ्या राहायच्याच. हिला ते सुख जेमतेम महिनाभर लाभलं.

माघ संपता संपता तिचं डोकं दुखायला लागलं. आई म्हणाली, "भरतंय म्हणून ठणकतं. दात येताना पोर कण्हत नाही का?" मग डाव्या बाजूने उजवीला मागे टाकलं. कानशील ताणून चकचकीत झालं, काचेचा डोळा पुढे ढकलला गेला आणि पडू लागला. होळीला मी आले आणि ते बघितलं. मी म्हटलं, आई, हे जरा जास्तच वाटतंय, डहाणूला दाखवू या. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. "महिन्यावर यात्रा आली. आता अवसानघात करू नकोस." बाय म्हणाली, "ताई, थांब ना गो. फिटू दे नवस." मीही थांबले.

चैत्री पुनवेला देवळात ही गर्दी. रांगेत आमच्या पुढे धाकटी डहाणू गावची एक कोळीण होती. तिने मागे वळून बायकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "पोरीचं तोंड किती सुजलंय गो!" आई तिच्या अंगावर धावून गेली. "सुजलं नाही, भरलंय! देवीने भरलंय!" सगळी रांग बघायला लागली. बायने मान खाली घातली, मग वर केली आणि डावी बाजू भिंतीकडे केली. तशीच ती देवीसमोर गेली. आईने मुखवटा वाहिला. दोन्ही बाजूंनी अगदी सारखा घडवला होता सोनाराने. देवीने ठेवून घेतला.

नवस फिटला, आता हात लावायला मोकळीक. दुसऱ्या दिवशी डहाणूचे डॉक्टर, तिसऱ्या दिवशी मुंबई. तेच इस्पितळ, डॉक्टर नवा, तरुण. त्याने बायचं कानशील चाचपलं आणि विचारलं, "लहानपणी इथे शेक दिला होता?" बाबा म्हणाले, हो, त्यानेच तर बरी झाली. बायला बाहेर बसवून त्याने आम्हाला सांगितलं. ही ती जुनी गाठ नव्हती. ती मेलीच होती. ही नवी होती, हाडातली, आणि शेक दिलेल्या जागेवरच उगवली होती. ज्या शेकाने पोर वाचवली त्यानेच हाड वाढू दिलं नाही आणि इतक्या वर्षांनी त्याच हाडात हे निघालं. "असं कधी कधी होतं. आमच्याही आता आता लक्षात येतंय," तो म्हणाला. लोक सहज बोलून जातात, रोगापेक्षा इलाज भयंकर. माझ्यासमोर कोणी बोलून बघावं.

आईने विचारलं, "संक्रांतीला आणली असती तर?" डॉक्टरने खिडकीकडे पाहिलं. "कदाचित फरक पडला नसता," म्हणाला. त्या जागेला आणखी शेक सोसणार नव्हता, आणि कापायचं तर तोंडाचं काय उरणार? औषधं देऊन त्यांनी आम्हाला परत पाठवलं. ते 'कदाचित' आईने गाडीतून वरोरपर्यंत आणलं आणि पुढे कधी खाली ठेवलं नाही.

सरावलीला कोणी तरी कळवलं असावं. फोटो परत आला, वर्तमानपत्रात गुंडाळून, आईने सोबत पाठवलेल्या सुपारीसकट. वाईट बोलले नाहीत बिचारे.

बाय वैशाखभर अंथरुणाला होती. बोलता येत होतं तोवर एकदा मला म्हणाली, "ताई, आता उजवीच लहान दिसते ना गो?" आणि हसायला गेली, पण तोंड हलेना. आई रोज सकाळी तेलाची वाटी घेऊन यायची. वरून हात लावला तरी बाय विव्हळायची, म्हणून नुसती वाटी घेऊन शेजारी बसायची. तेल निवून जायचं. मग आई उठायची.

ज्येष्ठात बाय गेली. शेवटची अंघोळ घालताना आईने तेल मागितलं. आता दुखायचं काही नव्हतं. तिने बायच्या कानशिलावर अंगठा ठेवला आणि नेहमीसारखा फिरवत राहिली. बायकांनी तिला उठवलं तेव्हा म्हणाली, "थांबा गो, अजून जिरलं नाही."

मी त्या देवळात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. देवीशी माझं भांडण आहे आणि ते मिटवायची मला घाई नाही. एवढं तेल, एवढे नवस, एवढी शिकलेली माणसं, आणि पोरीच्या वाट्याला काय आलं? एक अर्धं तोंड आणि महिनाभराचा आरसा.

फोटो बाबांनी ओटीवर लावला, दारातून शिरलं की समोर. घरात बायचा समोरून काढलेला तेवढा एकच. दोन्ही बाजू सारख्या, मान ताठ, सरळ आपल्याकडे बघते. नवा माणूस आला की तिथे थबकायचाच. "किती सुंदर मुलगी! कोण ही?" आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायची, फोटोकडे बघायची आणि सांगायची,

"माझी धाकटी. बरी झाली होती ना, तेव्हाचा आहे."